तिसरी किल्ली

सोमवार, रात्र. पाऊस नाहीच, नुसता घाम.

किल्ली हरवली असं मी आज सांगितलं. खोटं सांगितलं.

खाडीकाठची तिवरं वाचवणाऱ्या आमच्या संस्थेचं ऑफिस माहीमच्या भाड्याच्या खोलीतून विक्रोळीला हललं. मालकाचे मेहताजी दुपारी त्या माहीमच्या खोलीचा ताबा घ्यायला आले होते. नवताल कुलपाच्या तीन किल्ल्या. एक सरांची, एक खाली चहावाल्याकडे असायची ती, आणि एक माझी. सरांची त्यांच्या मुलीने लिफाफ्यातून पाठवली होती. वर काहीच लिहिलेलं नव्हतं, नुसती किल्ली. असो. त्या दोन मेहताजींच्या हातावर ठेवल्या आणि म्हटलं, "तिसरी हरवली हो, बरीच वर्षं झाली." ते म्हणाले, "असू दे ताई, इमारतच पाडायचीय, तिला काय कुलूप आणि काय किल्ली." त्या वेळी ती माझ्या पर्समध्ये होती आणि पर्स काखेत.

आता जेवणाच्या टेबलावर ठेवून तिच्याकडे बघतेय. आई विचारून गेली, "कपाटाची का गं?" हो म्हटलं. दिवसातलं दुसरं खोटं.

खोलीवर माझा एवढा जीव होता असंही नाही. छपराला दर मे महिन्यात ताडपत्री, संडास गॅलरीच्या टोकाला, उंदरांनी एका वर्षाचे सर्वेक्षणाचे फॉर्म खाल्ले ते वेगळंच. चार माणसांच्या खोलीत एकतीस माणसं बसत नाहीत, हे सहा वर्षं मीच बैठकीत घसा फोडून सांगत होते. विक्रोळीची जागा पहिल्यांदा मीच पाहून आले. मग किल्ली का ठेवली?

२००५ च्या २६ जुलैच्या पुरामुळे असेल. गाड्या बंद पडल्या, मी माहीमलाच अडकले, खाली रस्त्यावर छातीपर्यंत पाणी. दुसऱ्या मजल्यावरची आमची खोली उघडली आणि जिन्यात उभ्या असलेल्यांना म्हटलं, या आत. चौदा माणसं झोपली त्या रात्री, त्यातली आमची दोनच. एक बाई कोळंबीची पाटी घेऊन होती, तिने ती रात्रभर मांडीवरून खाली ठेवली नाही. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, हा आकडा पुढे आम्ही किती स्लाइडवर टाकला असेल! मिठी नदी, भराव, तोडलेली तिवरं, सगळं त्या आकड्याखाली मांडायचो. पण मला आकडा आठवला की आधी त्या कोळंबीचा वास येतो. किल्ली माझ्याकडे होती म्हणून दार उघडलं, एवढंच. त्यात कर्तृत्व काही नाही.

आज सकाळी मात्र विक्रोळीच्या इमारतीत खालच्या वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. "कोणाला भेटायचंय?" माझं कार्ड अजून आलेलं नाही. मुलांची आलीत, जॉइन होऊन चार महिने झालेल्यांचीसुद्धा. नाव, वेळ, कुठून आलात लिहिलं. 'कोणाला भेटायचे' या रकान्यात क्षणभर थांबले आणि स्वतःचंच नाव लिहिलं. त्याने वाचलंही नाही. स्टॅम्प मारून म्हणाला, "सहावा मजला."

हसू यायला हवं होतं, आलं नाही. लिफ्टमध्ये डोळे भरून आले, या वयात, आरशासमोर. बावीस वर्षं ज्या बाईने सकाळी कुलूप उघडलं, तिला व्हिजिटर म्हणून आत सोडतात. (हे वाक्य लिहिल्यावर जरा बरं वाटलं. नाटकी आहे, पण राहू दे.)

वर कार्यक्रम होता. देणगीदार कंपनीचे साहेब बोलले. सीएसआरचा, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी नफ्यातला थोडा भाग समाजकामावर खर्च करायचा, हा कायदा २०१४ च्या एप्रिलपासून लागू झाला आणि आमच्या जिन्यावर पहिल्यांदा बुटांचे आवाज यायला लागले, त्यातलेच हे एक. मनाने चांगले आहेत. म्हणाले, कांदळाची, म्हणजे तिवरांतल्याच एका झाडाची, शेंग जशी आईच्या अंगावरच रुजते आणि मग चिखलात पडून नवं झाड होतं, तशी ही संस्था. माहिती बरोबर आहे, मीच त्यांना पाठवली होती. पण कांदळ सहाव्या मजल्यावर पडत नाही हो साहेब.

आणि मजा म्हणजे पूर्वेच्या काचेतून समोर हायवे, हायवेच्या पलीकडे तिवरंच तिवरं, मागे खाडीची राखाडी रेघ. माहीमच्या खिडकीतून शेजारणीचे वाळत घातलेले परकर दिसायचे. इतकी वर्षं ज्याच्यासाठी भांडलो ते आता खुर्चीतून दिसतं. फक्त काच उघडत नाही. एसी इमारतीचा, सात वाजता बंद होतो, मग आत भट्टी. वीज वाचवा म्हणून शाळाशाळांत सांगत फिरणारे आम्ही! ओला-सुका कचरा वेगळा करायला अख्ख्या वॉर्डाला शिकवलं आणि इथे सफाईवाला संध्याकाळी दोन्ही डबे एकाच काळ्या पिशवीत ओतून गेला. मुलं बघतच राहिली. त्यांना म्हटलं, घ्या, उद्यापासूनचं काम मिळालं.

फायली रद्दीत गेल्या. "ताई, सगळं स्कॅन केलंय," असं तीनदा सांगितलं मला, बिचाऱ्यांनी. तिवरांची तोड आणि त्यांच्यापासून ५० मीटरांत बांधकाम नको, या २००५ च्या ऑक्टोबरमधल्या उच्च न्यायालयाच्या आदेशाची झेरॉक्स तेवढी काढून घेतली. '५० मीटर' या शब्दांखाली सरांनी लाल पेनाने दोन रेघा मारल्यात. स्कॅनमध्ये त्या काळ्या दिसतात.

पुन्हा किल्ली. मेहताजींना उद्या फोन करून सांगावं का, सापडली म्हणून? ते काय करतील तिचं? भंगारात पितळेच्या भावाने जाईल. खोली पाडल्यावर ती कशाचीच किल्ली उरणार नाही. तसं आमच्या घरात कशाचीच नसलेल्या किल्ल्यांचा एक डबाच आहे. आजोबांच्या ट्रंकेची आहे, ट्रंक नाही. एका सायकलचीही आहे, ती सायकल कोणाची कोणाला माहीत नाही. आईला विचारलं तर म्हणते, "राहू दे, लागते कधी."

एक मात्र मान्य करायला हवं. दादरहून विक्रोळीला जायला सकाळी गर्दीच्या उलट दिशेने स्लो मिळते. आज खिडकीत बसायला मिळालं. चौथी सीट नव्हे, खिडकी. बावीस वर्षांत वेस्टर्नवर ते सुख माझ्या वाट्याला आलं नाही.

उद्या कार्डासाठी फोटो काढायचाय. निळी साडी नेसू नका म्हणून निरोप आलाय, मागची भिंत निळी आहे. माझ्याकडे बऱ्यातल्या तीनच आहेत, तिन्ही निळ्या. आईची अबोली काढून ठेवलीय, इस्त्री राहिलीय.