पेरोव्हस्काइट सेल: परीक्षा रत्नागिरीच्या जुलैत

पेरोव्हस्काइट (विशिष्ट स्फटिकरचनेचं संयुग) वापरणारा सोलर सेल 2009 साली 3.8 टक्क्यांवर होता, म्हणजे पडलेल्या उन्हाच्या तेवढ्याच भागाची वीज करायचा. आज सिलिकॉनवर त्याचा थर चढवलेले छोटे सेल 34 टक्क्यांपलीकडे गेलेत. नुसत्या सिलिकॉनची सैद्धान्तिक मर्यादाच साधारण 29.4. आकडे भारी, पण कोरड्या लॅबमधले. कोकणात खरा प्रश्न टिकण्याचा.

पेरोव्हस्काइटच्या पातळ थराची, म्हणजे फिल्मची, प्रचलित कृती: 461 मिलिग्रॅम लेड आयोडाइड आणि 159 मिलिग्रॅम मिथाइलअमोनियम आयोडाइड, 4:1 डीएमएफ-डीएमएसओ या द्रावकांच्या 1 मिलिलिटरमध्ये विरघळवा. स्पिन कोटर (काच गरगर फिरवून द्रावण पसरवणारं यंत्र) 4000 आरपीएमवर 30 सेकंद. दहाव्या सेकंदाच्या आसपास क्लोरोबेंझीन (आणखी एक द्रावक) फिरत्या फिल्मवर एका दमात सोडा. रेंगाळलात की फिल्म डागाळलीच. मग 100 अंशांवर 10 मिनिटं. काळपट, चकचकीत थर आला तर जमलं. धुरकट आला तर बहुधा हवेतल्या ओलाव्याने घात केला. शिसे आणि डीएमएफ दोन्ही घातक, तेव्हा हातमोजे आणि फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारं कपाट) लागतातच.

ओलावा शिरला की मिथाइलअमोनियमचं क्षार निघून जातं आणि मागे पिवळं लेड आयोडाइड उरतं. पिवळेपणा बहुतेकदा कडेकडून आत सरकतो. एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याच्या चाचणीत) पेरोव्हस्काइटचं 14.1 अंश कोनाचं शिखर खचतं, लेड आयोडाइडचं 12.7 चं वर येतं. मिथाइलअमोनियमऐवजी सिझियम-फॉर्मामिडिनियमचं मिश्रण उष्णता जास्त सोसतं, ओलाव्यापासून मात्र त्याचीही सुटका नाही. म्हणून दोन काचा आणि कडेने सेंटिमीटरभर रुंद ब्यूटाइल रबराचं सील. काचा चिकटवणारं नेहमीचं ईव्हीए प्लास्टिक इथे नकोच: ते दीडशे अंशांच्या आसपास लॅमिनेट होतं आणि पुढे ॲसिटिक ॲसिड सोडतं. कमी तापमानाला बसणारं पॉलिओलेफिन बरं.

त्यात आपलं समुद्राचं मीठ. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांवर गेली की काचेवरचं मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळतं; पाऊस नसतानाही काच ओली आणि वीजवाहक. गळतीचा प्रवाह फ्रेमकडे जातो, जोड गंजतात. 85 अंश, 85 टक्के आर्द्रता, 1000 तास ही प्रमाण चाचणी अंधारात होते, आणि तिच्यात मीठ नसतंच. मिठाची चाचणी वेगळी.

किनाऱ्यावरच्या कॉलेजांनी फिल्म डिसेंबर-जानेवारीत कराव्यात. जूनमध्ये गच्चीवर पूर्ण सील, फक्त कडेला सील आणि बिनसील असे तीन नमुने ठेवा, चौथा कोरड्या अंधारात. आठवड्याला एक फोटो, त्याच प्रकाशात. बिनसील नमुना पावसाच्या पाण्यात शिसे सोडेल, म्हणून खाली ट्रे हवाच आणि ते पाणी गटारात ओतायचं नाही.

घरच्या छपरासाठी मात्र थांबू नका. दोन काचांचं एन-टाइप (फॉस्फरस मिसळलेल्या) सिलिकॉनचं पॅनेल घ्या.