गुरुवारचा मेल

हिंजवडीत फेज वनला आमचं पिझ्झाचं छोटं दुकान आहे. सहा टेबलं, एक ओव्हन. गिऱ्हाईक जवळजवळ सगळं आयटीतलं. डिलिव्हरी अ‍ॅपवरच्या ऑर्डरीत कमिशन जातंच, पण मला जास्त खुपायचं ते वेगळंच. तीन वर्षं आमचा पिझ्झा खाणाऱ्या माणसाचा पत्ताच आमच्याकडे नसायचा. काही कळवायचं म्हटलं तर कळवणार कुणाला?

व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट करून पाहिला. एका यादीत २५६ नंबर, आणि ज्यानं आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. पिझ्झाच्या दुकानाचा नंबर किती जण सेव्ह करतात? मेल मात्र ही मंडळी दिवसभर उघडून बसलेली असतात.

म्हणून काउंटरवर वही ठेवली, तिला दोरीनं पेन बांधलं आणि वर लिहिलं, ‘आठवड्याला एकच मेल येईल. चालणार असेल तरच पत्ता लिहा.’ दोन महिन्यांत साडेतीनशे पत्ते जमले. काही अक्षरं लागेनात, कुणी घाईत ‘डॉट कॉम’चं ‘डॉट कॉन’ केलेलं. ते मेल परत आले.

पहिल्याच मेलला माझ्या हातून मोठी चूक झाली. सगळे पत्ते मी ‘टू’च्या रकान्यात टाकले, त्यामुळे प्रत्येकाला बाकी सगळ्यांचे पत्ते दिसले. एका बाईंचा फोन आला, “मी पत्ता तुम्हाला दिला होता, साडेतीनशे जणांना नाही.” त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. दोन रात्री बसून मी एकेकाला वेगळा माफीचा मेल पाठवला. लोकांनी विश्वासानं दिलेली गोष्ट होती ती.

माझी भाची कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. ती म्हणाली, “मामा, साध्या जीमेलवरून नको पाठवूस. दुकानाच्या नावाचं डोमेन घे.” डोमेन म्हणजे इंटरनेटवरचं आपलं नाव, मेलच्या पत्त्यात ‘@’च्या पुढे येतं ते. वर्षाला हजाराच्या आत काम झालं. ब्रेव्हो या एकगठ्ठा मेल पाठवणाऱ्या सेवेवर फुकटात दिवसाला ३०० मेल जातात, म्हणून यादीचे दोन भाग केले, अर्धी बुधवारी, अर्धी गुरुवारी. मग तिनं डोमेनच्या सेटिंगमध्ये एसपीएफ आणि डीकेआयएमच्या ओळी टाकल्या. मेल खरंच आमच्या डोमेनवरून निघालाय, याचा तो दाखला. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू याबाबतीत कडक झालेत. खाली ‘मेल नको असल्यास इथे क्लिक करा’ हेही ठळक ठेवलं. जायचं त्याला सहज जाऊ द्यावं. तो वैतागून स्पॅमचं बटण दाबू लागला, तर बाकीच्यांकडे जाणारे मेलही अडकतात.

मी हौसेनं रंगीत पोस्टर पाठवायचो. ऑफिसच्या आउटलुकमध्ये बाहेरून आलेली चित्रं आपोआप उघडत नाहीत, तिथे नुसता रिकामा चौकोन दिसायचा. आता साध्या चार ओळी लिहितो: ‘शुक्रवार येतोय. टीमसाठी पिझ्झा हवा असेल तर गुरुवारी रात्री नऊपर्यंत याच मेलला उत्तर द्या. किती आणि किती वाजता, एवढंच लिहा. आमचा माणूस आणून देईल.’

या मेलचा खरा फायदा मला ओव्हनपाशी कळला. आमचा मैदा मळून, गोळे करून रात्रभर फ्रिजमध्ये फुगतो. त्यामुळे शुक्रवारी किती पिझ्झे लागणार, ते गुरुवारी रात्रीच ठरवावं लागतं. पूर्वी अंदाजानं साठ गोळे करायचो. कधी वीस उरून आंबट व्हायचे, कधी आठलाच संपायचे आणि दारातून माणसं परत जायची. फार जिवाला लागायचं ते.

आता गुरुवारी नऊला मी फोनवर उत्तरं वाचतो, बायको पाटीवर आकडे लिहिते. बारा, सहा, वीस, चार. त्यात काउंटरवरच्या गिऱ्हाइकांचे पंचवीस मिळवतो आणि तेवढाच मैदा परातीत घेतो. परवा एका उत्तरात खाली एक ओळ होती: ‘मागच्या वेळचा बेस छान होता, तसाच द्या.’ सही त्याच बाईंची, ज्यांनी फोन केला होता.