बाईंचा ६४१

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे, असे पत्र आले आणि गणिताच्या बाईंचा एक तास जसाच्या तसा डोळ्यांपुढे उभा राहिला. त्यांचे नाव इथे लिहायची गरज नाही. शनिवार पेठेतून सायकली दामटत येणाऱ्या आपणा सर्वांच्या ‘बाई’ एकच होत्या.

नववीत बाईंनी एकदा फळ्यावर ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या संख्या लिहिल्या. दोनाचा पहिला, दुसरा, चौथा, आठवा आणि सोळावा घात घेऊन त्यात एक मिळवला की या मिळतात; पाचही मूळ संख्या आहेत, म्हणून पुढच्याही मूळच असणार, असे फ्रेंच गणिती फर्माला १६४० मध्ये वाटले होते. मग बत्तिसाव्या घातात एक मिळवून बाईंनी फळाभर लिहिले : ४,२९,४९,६७,२९७. हिच्या कोणत्याही मूळ विभाजकाला ६४ ने भागले तर बाकी १ उरते, हे सूत्र त्यांनी दिल्यामुळे आरंभी तपासायला १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ एवढेच भाजक उरले. वर्गात रांगाही पाचच होत्या. खिडकीजवळच्या आमच्या रांगेला ६४१ आला.

सर्वांत आधी हात मी वर केला. उत्तराचे दोन अंक झाल्यावर बाकी २ उरली होती. ६ खाली घेतला तेव्हा २६ झाले, ७ घेतला तेव्हा २६७, दोन्ही वेळा भाग जात नव्हता आणि त्या दोन शून्यांपैकी एक मी लिहिलेच नाही. शेवटी बाकी शून्य आली, म्हणून मी ६,७०,४१७ असे उत्तर सांगितले. बाई बाकापाशी येऊन म्हणाल्या, “बाकी बरोबर आहे रे, आता उलटा गुणाकार करून बघ.” गुणाकार आला ४२,९७,३७,२९७. शेवटचे २९७ जुळत होते, पण चार अब्जांच्या जागी बेचाळीस कोटीच उरले होते. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी बाई चूक न दाखवता तिथेच उभ्या राहिल्या आणि मी ६७,००,४१७ पर्यंत पोहोचल्यावरच त्यांनी सांगितले, की १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलरने याच ६४१ ने फर्माचे अनुमान खोडून काढले. बाकी उरलेल्या चारही रांगांना त्यांनी तितकीच शाबासकी दिली.

आज मी हिंजवडीत बँकांच्या व्यवहारांच्या संगणकीय सुरक्षेचे काम पाहतो. माहिती सांकेतिक रूपात पाठवण्याच्या आरएसए पद्धतीत सर्वांना उघड असणाऱ्या सार्वजनिक किल्लीत घातांक म्हणून बहुधा बाईंच्या यादीतला ६५५३७ च असतो. तो दिसला की मला ती खिडकीजवळची रांग आठवते. नव्या सहकाऱ्यांकडून मी आजही उत्तराचा पडताळा करून घेतो.

वर्गातला फळा काढून तिथे पडदा बसवल्याचे कळले, तेव्हा मनापासून वाईट वाटले, कारण पडद्यावर उत्तर लगेच उमटते आणि २६ व २६७ पाशी कोणालाच थांबावे लागत नाही. तो फळा अजून कुठे ठेवलेला असेल, तर समारंभाच्या दिवशी तो व्यासपीठाशेजारी आणावा, अशी माझी विनंती आहे. तो संपूर्ण भागाकार, दोन्ही शून्यांसह, मी त्यावर मांडीन.