पाच डबे आणि माळ्यावरच्या स्पूल

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा पॉम्पेईवाला सिनेमा एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा थिएटरात लागला, तेव्हा आमच्या मँचेस्टरमधली रिटायर्ड मंडळी एकदम तरुण झाली. सत्तरी ओलांडलेले आजोबा, पोटावर ताणलेले काळे टी-शर्ट, सोबत कंटाळलेला नातू. मीही गेले. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर आम्ही हा सिनेमा एका खरवडलेल्या व्हीसीडीवर पाहिला होता. ज्वालामुखी आला की चित्र अडकायचं आणि कुणीतरी उठून सीपीयूला चापट मारायचं. आता तोच सिनेमा आयमॅक्सच्या भिंतीएवढ्या पडद्यावर. मध्यंतर नाही, अर्थातच. इतकी वर्षं इथे काढूनही मध्यंतराशिवायचा सिनेमा माझ्या पचनी पडत नाही, पण तो राग पुन्हा कधीतरी.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑक्टोबर १९७१. 'डार्क साइड ऑफ द मून' हा त्यांचा जगभर गाजलेला अल्बम यायला अजून दीड वर्ष आहे, म्हणजे हा बँड अजून 'तो' बँड झालेला नाही. २५ ते २८ वर्षांची चार पोरं, कुणाचा शर्ट गायब, केस खांद्यापर्यंत. एड्रियन मेबन नावाचा दिग्दर्शक त्यांना इटलीतल्या, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईच्या दोन हजार वर्षं जुन्या रोमन प्रेक्षागारात नेऊन उभं करतो. वीसेक हजार माणसं मावतील अशी जागा, आणि प्रेक्षक शून्य. कॅमेरा लांबून हळूहळू जवळ येतो, तेव्हा त्या दगडी वाडग्याच्या तळाशी हे चौघे मुंग्यांएवढे दिसतात. प्लेबॅकवर ओठ हलवायला बँडने साफ नकार दिला होता, त्यामुळे लंडनहून ट्रक भरून सगळा सरंजाम आला. आल्यावर कळलं की वीज पुरत नाही. मग गावातून लांबलचक केबल ओढत आणली. तोवर हातातले मोजके दिवस भराभर संपत चाललेले. (वीज नाही म्हणून कार्यक्रम खोळंबला, हे ऐकून मला फार बरं वाटलं. कबूल करते.)

सगळीच गाणी तिथली नाहीत. काही नंतर पॅरिसच्या स्टुडिओत उरकली, आणि एका गाण्यात तर चक्क कुत्रा विव्हळतो. ते मला तेव्हाही आवडलं नव्हतं, आताही नाही.

पण 'वन ऑफ दीज डेज'! ड्रमर निक मेसन पूर्ण तंद्रीत असताना त्याच्या हातातली एक काठी निसटते. तो खाली बघत नाही, कुणाकडे बघत नाही. हात बाजूला जातो, दुसरी काठी घेऊन येतो, ठेका तसाच चालू. आमच्या थिएटरात त्या क्षणाच्या थोडं आधीच आजोबा लोक सरसावून बसले आणि काठी सुटल्यावर अख्ख्या हॉलमध्ये समाधानाची खसखस पिकली. पन्नासहून जास्त वर्षं ही माणसं त्या एका काठीची वाट बघत बसतात. शेजारचे गृहस्थ तर माझ्याकडे वळून असे हसले, जणू ती काठी त्यांनीच उचलून दिली होती.

आता मूळ मुद्दा. हा सिनेमा एवढा लख्ख दिसतो कशामुळे? बँडचा जुना फिल्मसाठा सांभाळणाऱ्या लाना टॉपहॅम या बाई १९९४ पासून याच्या रिळांच्या शोधात होत्या. शेवटी १९७२ च्या सिनेमाची मूळ ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह त्यांना सापडली ती बँडच्याच संग्रहात, शेकडो डब्यांच्या ढिगाऱ्यात, धड नाव न लिहिलेल्या पाच डब्यांत. मग एकेक फ्रेम घासूनपुसून स्वच्छ केली. आवाजाचं नवं मिश्रण स्टीव्हन विल्सन या संगीतकाराने केलं. तीस वर्षं! आपल्याकडे एखाद्या बाईने तीस वर्षं डबे उघडून पाहिले असते, तर घरच्यांनी तिला वेड्यात काढलं असतं आणि ऑफिसने तिची बदली केली असती. इथे तिचं नाव बातमीत येतं. डबा हुडकणं हे काम आहे, त्याचा पगार मिळतो, याचं मला त्या सिनेमापेक्षाही जास्त कौतुक वाटलं.

सिनेमा संपल्यावर शेजारच्या गृहस्थांनी अगदी आपुलकीने विचारलं, "तुमच्याकडच्या त्या काळातल्या मैफली अशा कुठे पाहायला मिळतात?"

"यूट्यूबवर," मी म्हणाले. आणि घरी येईपर्यंत चिडचिडत राहिले.

कारण खरं उत्तर आपल्याला माहीत आहे. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची चारपैकी दोनच रिळं उरली. 'आलम आरा'ची एकही प्रत नाही. २००३ मध्ये पुण्यात चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या रिळांना आग लागली, आणि त्यात प्रभातचा ठेवा गेला. पी. के. नायरांसारखा माणूस आयुष्यभर डबे गोळा करत हिंडला म्हणून जे आहे ते तरी आहे. हे सगळं त्या आजोबांना मी कशाला सांगू?

पण थांबा, यांनीही काय दिवे लावलेत ते ऐका. जुलै १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला, त्या रात्री बीबीसीच्या स्टुडिओत हाच पिंक फ्लॉइड थेट प्रक्षेपणात वाजवत होता. बीबीसीने ती टेप जपलीच नाही. आणि पॉम्पेईच्या चित्रीकरणातलं न वापरलेलं फिल्म? शेकडो डबे पॅरिसजवळ पडून होते. मेबन सांगतो की जागा अडते म्हणून निर्मिती कंपनीतल्या कुणीतरी ते जाळून टाकले. 'वन ऑफ दीज डेज'मध्ये जवळजवळ पूर्ण वेळ मेसनच का दिसतो? बाकीच्यांची रिळं हरवली म्हणून! म्हणजे ज्या काठीवर ही मंडळी जीव टाकतात, ती आपल्याला इतकी निवांत बघायला मिळते ती यांच्याच हलगर्जीपणामुळे. हे मात्र मला त्याच वेळी सुचायला हवं होतं.

शिवाय आपलं गाणं वेगळं. यमन आज गायला तो उद्या तसाच कोण गाणार? तो जपून ठेवायचाच कशाला, पुढच्या वेळी नवा ऐकायचा. हा युक्तिवाद मी नवऱ्यावर करून पाहिला. तो म्हणाला, "मग तुझ्या काकांच्या स्पूल कशाला आहेत माळ्यावर?"

काका नाशिकला मैफलींना खांद्यावर टेपरेकॉर्डर टाकून जायचे. पुढच्या रांगेतली बाई खोकली की घरी येऊन दोन दिवस तिच्या नावाने खडे फोडायचे. त्या सगळ्या स्पूल एका पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. चुलतभाऊ दर दिवाळीला विचारतो, "ताई, नेतेस का? नाहीतर भंगारवाला आहेच." मी दर वेळी म्हणते, पुढच्या खेपेला नक्की. पण विमानात तेवीस किलो सामान चालतं, त्यातलं निम्मं भाजणी, मेतकूट आणि सासूबाईंचं लोणचं. ट्रंकच आठ-दहा किलोंची असेल. शिवाय इथे आणून वाजवायचं कशावर? काकांचं मशीन वहिनीने कधीच देऊन टाकलं. आणि इथली ही दमट हवा, नाशिकचा माळा कितीतरी बरा.