एंजलची अंडी आणि गेलेली लाईट

लग्नसराई संपून पाऊस लागला की रत्नागिरीत आम्हा फोटोग्राफर लोकांना तशी सवडच असते, एखादं बारसं, एखादं दुकानाचं उद्घाटन, बस्स. अशात जुलैमधे एका दुपारी नाचण्यावरून ओळखीच्या काकांचा फोन. एस्टीतून रिटायर झालेत आणि तेव्हापासून घरात माश्यांचे टँकच टँक. म्हणाले, "अरे एंजलनी अंडी घातलीत आणि या वेळी खाल्ली नाहीत, दोघं मिळून राखतायत. आत्ता येतोस काय रे? उद्याचा काय भरवसा नाय."

ज्यांनी हे एंजल मासे पाळलेत त्यांना यातली घाई कळेल. नवीन जोडी बऱ्याचदा स्वतःचीच अंडी खाऊन टाकते, जरा बिथरली तरी खाते, आणि सगळं नीट झालं तरी दोन-तीन दिवसांत अंडी फुटून जातात. काकांच्या या जोडीने आधी प्रत्येक वेळी खाल्लेली. त्यामुळे फोटो पाहिजेच होता पण फोटोच्या नादात अंडी गेली असती तर मला ते सहन झालं नसतं, हे मी निघतानाच ठरवलं होतं, मासे बिचकले की कॅमेरा बॅगेत.

काकांच्या नातवाने मोबाईलवर काढलेले फोटो मला आधीच पाठवलेले. कुठे मासा म्हणजे एक पांढरा फराटा, कुठे वरून आडवे काळे पट्टे. पोराला वाटलं मोबाईल बिघडला, पण तसं काही नसतं, आपली वीज ५० हर्ट्झची त्यामुळे स्वस्तातला एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, डोळ्याला कळत नाही, मोबाईलचं शटर फास्ट झालं की तेच पट्टे होऊन उतरतं. आणि शटर स्लो ठेवलं तर मासा हलतो. घरच्या टँकच्या उजेडात दोन्ही एकदम जमवणं अवघडच, म्हणून फ्लॅश लागतो.

पोचलो तर टँक खिडकीच्या समोरच. कोपऱ्यात मंगलोरी कौलाचा तुकडा तिरका उभा करून ठेवलेला आणि त्यावर ओळींनी चिकटलेली अंडी, मधासारख्या रंगाची, आरपार दिसणारी, मोहरीपेक्षाही लहान. नर-मादी आळीपाळीने अंड्यांसमोर थांबून पुढच्या पंखांनी पाणी हलवत होते. ते पंख इतके पारदर्शक की फक्त थरथर दिसते.

गाडीतल्या एसीमधून घरात आल्यावर लेन्सवर वाफ धरली. पावसाळ्यात कोकणात हे ठरलेलं, पुसत बसायचं नाही, लेन्स आपोआप घरातल्या हवेला येऊ द्यायची. तेवढ्या वेळात काच बाहेरून कोरड्या कापडाने पुसली. आतली शेवाळ काढायला काकांनी हात घालू दिला नाही आणि बरोबरच केलं. मागच्या काचेला काळा कार्डपेपर लावला, एक फ्लॅश टँकच्या झाकणकाचेवर बटरपेपर लावून खाली तोंड करून ठेवला, दुसरा बाजूने तिरका. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारला की काचेत पांढरा गोळा येतो आणि पाण्यातला कण न् कण चमकतो. १०० एमएमची मॅक्रो, म्हणजे जवळून बारीक गोष्टी टिपायची लेन्स, तिचं छिद्र एफ ११, शटर १/१६०, आयएसओ ४००. फ्लॅशची पॉवर १/१६ वर, कारण पॉवर कमी केली की फ्लॅश चमकतो पण कमी वेळ, सेकंदाचा काही हजारावा भाग, आणि मासा गोठवायचं काम शटर नाही, तो क्षणभराचा उजेड करतो. लेन्स काचेला सरळ काटकोनात धरायची. तिरकी धरली की कडा फाटल्यासारख्या दिसतात, झाडगावच्या मत्स्यालयातल्या जाड काचांसमोर उभं राहून बघा, लगेच कळेल.

एवढं करूनही खिडकीचं प्रतिबिंब काही जाईना. चादर टांगली, तरी वरून फट राहतेय, ट्यूब बंद करावी तर काका म्हणतात अचानक अंधार नको, मासे दिशा चुकतात. आणि तेवढ्यात वीज कडाडली आणि लाईट गेली.

काका पहिल्यांदा धावले ते बॅटरीवरचा एअर पंप शोधायला. मी मोबाईलचा टॉर्च रुमालात गुंडाळून झाकणावर ठेवला, एवढाच मिणमिणता उजेड. बाहेर आभाळ इतकं भरून आलेलं की खिडकीतून काही येतच नव्हतं. काकांना म्हटलं, "पंप पाच मिनिटं लावू नका, दोघं पाणी हलवतायतच की, आणि टँक मोठा आहे." त्यांनी माश्यांकडे बघितलं, हवेसाठी वर येऊन तोंड मारत नव्हते, मग मान हलवली. स्पंज फिल्टर बंद पडल्याने बुडबुडे थांबले, पाण्यातला कचरा हळूहळू खाली बसला, काचेत ना खिडकी ना ट्यूब ना माझा शर्ट. असं स्वच्छ पाणी मला घरच्या टँकमधे कधी मिळालं नव्हतं.

फोकस मॅन्युअल करून कौलावर लावून ठेवला. ऑटोफोकस काचेवरचा डाग नाहीतर शेपटी पकडतो, आणि माश्यामागे लेन्स फिरवत बसलात तर तो तुमच्या पुढेच राहणार. इथे सोय अशी की अंडी जिथे तिथेच आईबाप परत येणार. मी फक्त वाट बघत होतो, डोळा रेषेत आला की एकच क्लिक, मग थांबायचं, मासा बघतोय का ते बघायचं. पहिल्या फ्लॅशला नर अंगावरचे पट्टे गडद करून लेन्सवर धावून आला, काकांचा श्वास अडकला, पण लगेच वळून अंड्यांवर गेला आणि नंतर त्याने लक्षच दिलं नाही.

मग मादी. ओळीत मधेच काही अंडी पांढरी पडलेली, म्हणजे मेलेली, तिथे ती जाई, तोंड पुढे काढून नेमकं पांढरंच उचली आणि शेजारच्या चांगल्याला धक्का नाही. काका कुजबुजले, "बघ, बुरशी पसरू नये म्हणून वेचून काढत्ये." ते वेचतानाचे फोटो मिळाले, एकात तर अंडं ओठांत आहे आणि कौलावरचा चिकटा ताणलेला दिसतोय.

लाईट आल्यावर मी लगेच आवरलं, अजून काढता आले असते पण पुरे.

फ्रेमसाठी मी नराचा फोटो सुचवला, सगळे पंख उघडे, एकेक काडी टाचणीसारखी शार्प. काकांनी मादीचाच घेतला. तिची शेपटी जरा फोकसच्या बाहेर आहे, मला ते अजून खटकतं, पण अंडं मात्र कडक शार्प आहे हे मान्य.