साइडबार अखेर ऐकायला लागला

मागच्या अपडेटमध्ये अडलेला, फिल्टर न दाखवणारा साइडबार काल रात्री सुटला! जँगोमध्ये (वेबसाइट बांधायचं पायथनमधलं फ्रेमवर्क) लिहितोय त्या पुस्तकसंग्रहाच्या अ‍ॅपमधलं हे सगळ्यात चिवट दुखणं होतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

बेस टेम्प्लेट, म्हणजे सगळ्या पानांचा सामायिक साचा, फार वाढलं होतं. हेडर, साइडबार, फुटर वेगळ्या फाइलींत काढून बेसमध्ये इन्क्लूड केले, म्हणजे जागच्या जागी ओढून घेतले. साइडबारच्या फाइलीत ‘फिल्टर्स’ नावाचा रिकामा ब्लॉक, म्हणजे पानाने भरायची जागा, ठेवला. पुस्तकांच्या यादीच्या पानाने बेसला एक्स्टेंड करून (त्याचा साचा वारशाने घेऊन) तो भरायचा, एवढंच. ब्लॉकचं नाव अक्षरन् अक्षर तेच, तरी पानावर फिल्टरचा पत्ता नाही. एररही नाही.

पहिला संशय कॅशवर (जपून ठेवलेल्या जुन्या प्रतीवर), कारण ४.१ पासून जँगो डेव्हलपमेंटमध्येही टेम्प्लेट कॅश करतं. सर्व्हर बंद करून चालू केला, फरक शून्य. डीबग टूलबारचं (पान कसं बनलं ते दाखवणारी पट्टी) टेम्प्लेट पॅनल एरवी माझं फार लाडकं, पण ते फाइली दाखवतं, कुठला ब्लॉक कुठे गेला ते नाही. शेवटी इन्क्लूडची ओळ काढून साइडबारचा मजकूर थेट बेसमध्ये चिकटवला, आणि फिल्टर हजर!

म्हणजे गाठ इन्क्लूडमध्येच होती. इन्क्लूड केलेली फाइल स्वतंत्रपणे रेंडर होते आणि तिच्यातला ब्लॉक तयार मजकूर होऊनच बेसमध्ये येतो. तो वारशाच्या साखळीत नसतोच, त्यामुळे पानातला ब्लॉक गुपचूप गळून पडतो. हे गुपचूप गळणं मला अजिबात पटत नाही. एकाच फाइलीत ‘टायटल’ ब्लॉक दोनदा लिहिला की जँगो तिथल्या तिथे एरर देतं. मग बेवारस ब्लॉकसाठी निदान एक वॉर्निंग तरी हवी.

उपाय अगदी छोटा: ब्लॉक बेसमध्ये, इन्क्लूड त्या ब्लॉकच्या पोटात. यादीच्या पानात आधी ‘ब्लॉक डॉट सुपर’ (ब्लॉकमधला बेसचा मूळ मजकूर), त्याखाली फिल्टर. मेनूखाली लेखकांची यादी उमटलेली पाहून काय बरं वाटलं!

पुढे बेस आणि पानं यांच्यामध्ये प्रत्येक विभागाचं एक मधलं टेम्प्लेट आणणार आहे. एचटीएमएक्सच्या (पूर्ण पानाऐवजी त्याचा तुकडाच मागवणारी लायब्ररी) रिक्वेस्टसाठी वेगळं, उघडंबोडकं बेस ठेवायचाही विचार होता, कारण एक्स्टेंड्सला व्हेरिएबल चालतं. पण हे लिहिता लिहिताच सुचलं: जँगो ६.० मध्ये टेम्प्लेट पार्शल्स (टेम्प्लेटमधले नाव दिलेले तुकडे) आता आतच आलेत. यादीच्या फाइलीत यादीचाच पार्शल इनलाइन (जागच्या जागी उमटेल असा) लिहायचा आणि व्ह्यूमधून (रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या कोडमधून) फाइलच्या नावापुढे हॅश आणि पार्शलचं नाव देऊन तेवढाच तुकडा पाठवायचा. दुसरं बेस हवंय कशाला? तो बेत रद्द.

६.० ला पायथन किमान ३.१२ लागतं, तेव्हा आधी सर्व्हरवरचं पायथन बदलतो. मधली टेम्प्लेट्स त्यानंतर.