पगारातला टीडीएस चुकीच्या पॅनवर दाखवला गेला तेव्हा : माझा अनुभव

गोरेगावला आमचा छपाईचा छोटा कारखाना आहे. यजमान मशीन आणि गिऱ्हाइकं सांभाळतात, हिशेब माझ्याकडे. पगारावरच्या टीडीएसचं, म्हणजे पगारातून कापून सरकारला भरायच्या कराचं, तिमाही रिटर्न, म्हणजे फॉर्म २४क्यू, मात्र बरीच वर्षं बाहेरचे एक अकाउंटंट भरत होते. त्यांनी काम सोडलं, फायली माझ्याकडे आल्या आणि पाठोपाठ आमचे मशीनमास्तर काका आयकर खात्याचा कागद घेऊन आले.

"वहिनी, टॅक्स तर तुम्ही पगारातूनच कापता. मग हे परत कशाला मागतायत?"

ती १४३(१) ची सूचना होती, म्हणजे रिटर्न तपासून खात्याने कळवलेला हिशेब. २०२३-२४ या आर्थिक वर्षासाठी काकांनी रिटर्नमध्ये जेवढा टीडीएस दाखवला होता, तेवढा खात्याकडे त्यांच्या नावावर दिसत नव्हता. त्यांचं २६एएस, म्हणजे त्यांच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा खात्याकडचा उतारा, उघडलं. पहिल्या दोन तिमाहींच्या नोंदी जागेवर, पुढच्या दोन गायब. चलनं मात्र माझ्यासमोर होती. पैसा सरकारजमा झालेला होता, तो काकांच्या खात्यावर लागला नव्हता एवढंच.

कारण सापडायला वेळ लागला नाही. तिसऱ्या तिमाहीपासून त्यांच्या पॅनमधले दोन अंक उलटसुलट पडले होते. पॅनमधली अक्षरं नजरेने तपासता येतात: व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथं अक्षर पी असतं आणि पाचवं आडनावाचं आद्याक्षर. मधल्या चार अंकांना असा काहीच आधार नाही. रिटर्न तयार करायचं आरपीयू हे सॉफ्टवेअरही फक्त रचना पाहतं, पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. तो पॅन खरोखर कुणाचा आहे का, हे त्याला कळत नाही.

काकांचा मुलगा म्हणाला, "भरून टाकू या, कटकट मिटेल." मी त्याला हात जोडून थांबवलं. त्या वर्षाला लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम २०५ स्पष्ट आहे: पगारातून कर कापला गेला असेल, तर तेवढ्या रकमेसाठी कर्मचाऱ्याकडे पुन्हा मागणी करता येत नाही. आम्ही आयकर पोर्टलवर काकांच्या लॉगिनमधून डिमांड, म्हणजे ही कराची मागणी, मान्य नसल्याचं उत्तर आधी नोंदवलं, सोबत पगाराच्या पावत्या जपून ठेवल्या आणि मग दुरुस्तीला हात घातला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. याच चुकीपोटी कारखान्याच्या नावावरही डिमांड होती. पण मालकाची डिमांड चार दिवस थांबू शकते, पगारदार माणसाच्या घरी असा कागद आला की त्याची झोप उडते.

दुरुस्ती ट्रेसेस या आयकर खात्याच्या टीडीएससाठीच्या पोर्टलवरून सुरू होते. तिथून दोन गोष्टी मागवायच्या: कॉन्सो फाइल, म्हणजे खात्याकडे आत्ता जसं रिटर्न नोंदलेलं आहे तशी त्याची प्रत, आणि जस्टिफिकेशन रिपोर्ट, म्हणजे डिमांड नेमकी कशाची आहे याचा तपशील. त्याआधी केवायसी, म्हणजे आपली ओळख पटवणं, होते आणि बरेच जण तिथेच अडतात. मूळ रिटर्नचा १५ अंकी टोकन नंबर लागतो. मग एका चलनाचा बँकेचा बीएसआर कोड, तारीख, अनुक्रमांक आणि रक्कम. शेवटी त्याच चलनातले तीन वेगवेगळे पॅन आणि त्यांच्यासमोरच्या रकमा. तीनपेक्षा कमी असतील तर असतील तेवढे सगळे द्यायचे. रक्कम दोन दशांश स्थळांपर्यंत लिहावी लागते. यात फक्त वैध पॅन चालतात. काकांचा चुकीचा पॅन मी त्यात भरत होते, म्हणून केवायसी पुढे सरकत नव्हतं. तो वगळल्यावर लगेच झालं. मिळणारा कोड त्याच दिवसापुरता चालतो, त्यामुळे हे काम दिवेलागणीनंतर काढू नये.

जस्टिफिकेशन रिपोर्ट वाचल्यावर आमच्या कारखान्याच्या नावावरची डिमांड कशी तयार झाली ते समजलं. तो पॅन अवैध ठरल्यामुळे काकांचा कर २० टक्क्यांनी कापायला हवा होता असं खात्याने धरलं होतं, आणि त्या फरकावर व्याज. पॅन सुधारला की ही सगळी रक्कम आपोआप जाणार होती.

आरपीयूमध्ये कॉन्सो फाइल उघडून पॅन बदलला. चौथ्या तिमाहीत एक ठिकाण निसटतं. त्या रिटर्नला वर्षभराच्या पगाराचं वेगळं परिशिष्ट असतं, ॲनेक्शर दोन. तिथलाही पॅन सुधारावा लागतो, नाहीतर चलनाखाली बरोबर आणि पगाराच्या तपशिलात चूक असं राहतं. मग फाइल तपासून आयकर पोर्टलवर अपलोड केली. मूळ रिटर्न वेळेत भरलेलं असेल तर दुरुस्तीच्या रिटर्नला रोजची २०० रुपयांची लेट फी लागत नाही. हे आधी माहीत असतं तर कितीतरी जणांची भीती कमी झाली असती. आणखी एक: त्याच तिमाहीत दुसरी दुरुस्ती करायची असेल, तर पहिली प्रोसेस झाल्यावर कॉन्सो फाइल नव्याने मागवायची. जुन्या फाइलवर केलेलं रिटर्न नाकारलं जातं.

पॅनची डिमांड गेली, व्याजाची थोडी राहिली. ऑक्टोबरचा टीडीएस ७ तारखेऐवजी ९ नोव्हेंबरला भरला गेला होता. दोन दिवसांचा उशीर, पण दर महिन्याला दीड टक्का व्याज कर कापल्याच्या तारखेपासून धरतात आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना मोजतात. ऑक्टोबर एक, नोव्हेंबर दुसरा, म्हणून तीन टक्के. हे व्याज कारखान्याने सोसायचं असतं, कामगाराच्या पगारातून नाही. आम्ही नवं चलन भरून ते रिटर्नला जोडलं.

फायली उघडल्याच होत्या म्हणून प्रोफेशन टॅक्सही, म्हणजे पगारातून कापला जाणारा राज्य सरकारचा व्यवसाय कर, तपासला आणि बरं झालं. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिलांना २५,००० रुपयांपर्यंतच्या मासिक पगारावर हा कर नाही. आधी ही मर्यादा १०,००० होती. आमच्या पगारपत्रकात जुनंच गणित चालू होतं आणि बाइंडिंगला बसणाऱ्या बायकांचे दर महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, कापले जात होते. ते पैसे मी आधी त्यांच्या हातात दिले. खात्याशी हिशेब नंतर करता येतो. विरार लोकलने येणाऱ्या बाईला २०० रुपये म्हणजे पासाची मोठी मदत असते.

काकांच्या २६एएसमध्ये नोंदी दिसायला लागल्यावर त्यांच्या लॉगिनमधून रेक्टिफिकेशनचा, म्हणजे त्या १४३(१) च्या सूचनेतल्या दुरुस्तीचा, अर्ज केला. रिटर्नमध्ये त्यांच्याकडून काहीच चुकलं नव्हतं, म्हणून फक्त 'रिटर्न पुन्हा प्रोसेस करा' हा पर्याय निवडला. डिमांड शून्य झाली. ट्रेसेसवरून नव्याने काढलेला फॉर्म १६, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचा दाखला, मी त्यांना सही करून दिला.

आता रिटर्न भरण्याआधी मी प्रत्येकाचा पॅन ट्रेसेसवर टाकून समोर येणारं नाव वाचते, आणि रिटर्न प्रोसेस झालं की प्रत्येकाला त्याच्या मोबाइलवर २६एएस उघडून दाखवते. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा काकांनी बाजूच्या हेल्परला बोलावून नोंद कुठे बघायची ते स्वतः समजावलं.